तोफेच्या तोंडातलं घरटं

ग्रंथपालबाईंनी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचायला घेतली, तेव्हा मोजणीसाहेबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि काहीच न लिहिता परत कानामागे खोचली. गेल्या एकोणपन्नास शनिवारांत असं कधी झालं नव्हतं.

"समुद्रात घुसलेला जुना किल्ला," बाई सावकाश वाचत होत्या. "पश्चिमेच्या बुरुजाचा गिलावा पडलेला. तिथल्या तोफेच्या तोंडात पाखराने घरटं केलंय, पिल्लं तीन. पहारेकऱ्याच्या शिंका थांबत नाहीत. ठिकाण ओळखा."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी हा खेळ रंगायचा. किनाऱ्यावरचं एखादं जुनं ठिकाण, त्याच्या तीन-चार खुणा आणि उत्तराला आठवड्याची मुदत. कोडी कोण घालतं हे एकट्या बाईंना ठाऊक, आणि त्या कुणाला ताकास तूर लागू देत नसत. साहेबांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत किनारा मोजला होता. दीपगृह असो, पडकं जकातघर असो, नाहीतर बुडालेला धक्का, त्यांचं उत्तर तयार असायचं. सलग पन्नास बरोबर आली की दारावरच्या फळीवर नाव रंगवायचं ठरलं होतं. फळी अजून कोरी होती. रंगाचा डबा मात्र आणून ठेवला होता आणि साहेबांनी तो दोनदा उघडून पाहिलाही होता.

"काय साहेब, घोडं अडलं वाटतं?" औषधवाल्याने विचारलं. त्याची स्वतःची मजल अकराच्या पुढे गेली नव्हती, त्यामुळे हा दिवस उजाडावा म्हणून तो वर्षभर देव पाण्यात घालून बसला होता.

"अडायला काय झालं? जिभेवर आहे नुसतं," साहेब म्हणाले. जिभेवर काहीही नव्हतं.

घरी बायको चादरीला टीप घालत बसली होती.

"झालं का पन्नासावं?"

"अगं, कोडं घालणाराच कच्चा आहे. तोफेत घरटं! भर दुपारी ते लोखंड असं तापतं की अंडी उकडून निघतील. कुठल्या पाखराला असली अवदसा आठवेल?"

"असेल एखादं हौशी," असं म्हणत बायकोने दाताने दोरा तोडला.

पाच दिवस साहेबांनी जुन्या वह्या उपसल्या. गुरुवारी दुपारी माळ्यावरचं एक गाठोडं झटकताना धूळ नाकात गेली आणि त्यांना सटासट सात शिंका आल्या. सातव्या शिंकेला ते खाली बसले. शिंकणारा पहारेकरी त्यांना आठवला. तो पहारेकरी नव्हताच, शेजारच्या खाटेवरचा पेशंट होता.

एकतीस वर्षांपूर्वी मोजणीच्या दौऱ्यावर असताना त्यांना टायफॉईड झाला होता. बंदराजवळच्या सरकारी दवाखान्यात तीन आठवडे ते पडून होते. इकडे बायकोचे दिवस भरत आलेले. तिच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनी पत्रात ठोकून दिलं होतं की एका किल्ल्यावर मुक्काम आहे, हवा झकास आहे. वॉर्डात जे दिसलं त्याचाच त्यांनी किल्ला केला होता. पोपडे आलेल्या भिंतीचा बुरुज झाला, पन्हळीची तोफ झाली आणि शिंकणारा शेजारी पहाऱ्यावर उभा राहिला. ती थाप त्यांनी कधी उघड केली नव्हती. आधी बाळ आलं, मग बदली आली, मग ते विसरूनच गेले.

आणि ती पत्रं एकाच माणसाकडे होती.

साहेबांना घाम फुटला. दीपगृहाची एकशेबारा पायऱ्यांची खूण, जकातघराची उलटी लावलेली कडी, सगळं त्यांनीच कधी ना कधी घरी लिहिलं होतं. म्हणजे एकोणपन्नास वेळा त्यांनी स्वतःचाच पेपर सोडवला होता, आणि वर घरी येऊन मिशीवर ताव मारला होता!

आता उत्तर अगदी सोपं होतं. पत्रात ज्या किल्ल्याचं नाव लिहिलं होतं, तेच चिठ्ठीवर लिहायचं, की फळीवर नाव लागलं. बायकोने मोठ्या विश्वासाने ती थाप जपून ठेवली होती आणि खरं ठिकाण समजून कोड्यात घातली होती. त्या विचाराने साहेबांना फार वाईट वाटलं. ते तीनदा स्वयंपाकघरात गेले. पहिल्यांदा पाणी प्यायले, दुसऱ्यांदाही पाणीच प्यायले. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का?" त्यावर ते "छे छे, ठणठणीत आहे," म्हणून बाहेर आले. पुन्हा तीच थाप.

शेवटी त्यांनी चिठ्ठीवर काय ते लिहिलं आणि वाचनालयाच्या पेटीत टाकलं. फळीवर त्यांनी पाणी सोडलं होतं.

शनिवारी बायको चपला घालून दारात उभी.

"आज मीही येते."

बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. औषधवाल्याने तीन किल्ल्यांची नावं लिहिली होती, त्यातलं एक लागेल म्हणून. मग साहेबांची चिठ्ठी निघाली. बाईंनी चष्मा सारखा केला.

"'हा किल्ला नाही. बंदराजवळचा सरकारी दवाखाना, तापाचा वॉर्ड, खाट नऊ. मी खोटं लिहिलं होतं.'"

खोलीत हशा पिकला. "साहेबांना ताप चढला!" औषधवाला म्हणाला. साहेब चपलेकडे बघत राहिले. बाईंनी उत्तराचा बंद लिफाफा फोडला, आतला कागद वाचला आणि टेबलाला हात टेकला.

"खाट नऊ," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

"हे कुठल्या नकाशात आहे?" औषधवाला उठून उभा राहिला, पण त्याचं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. बायकोने पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून साहेबांच्या मांडीवर ठेवला. नोकरीत असताना साहेब घरी नेहमी उरलेल्या आलेखाच्या कागदावर लिहायचे. दवाखान्यात त्यांनी नर्सकडून तसाच चौकटींचा कागद मागून घेतला होता आणि वरचा मथळा कात्रीने नीट कापला होता. कागद उलटून बघायचं तेवढं राहिलं होतं. मागे छापलं होतं, 'ताप दर चार तासांनी भरावा', आणि पेन्सिलीने लिहिलं होतं, 'खाट ९'.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"पत्र आलं त्याच दिवशी. पाकिटावर टपालाचा शिक्का त्या बंदराचाच होता, शेजारच्या वहिनींकडून तिथल्या दवाखान्यात फोन लावला. ताप उतरतोय म्हणाले, मग कुठे मी जेवले."

"आणि एकतीस वर्षं गप्प बसलीस?"

"तुम्ही मला काळजी नको म्हणून एवढा किल्ला बांधलात. तो मी कशाला पाडू?"

साहेबांना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी ते पुसायची घाई केली नाही. तिकडे बाई रंगाचा डबा उघडत होत्या, झाकण घट्ट बसलं होतं. बायको जरा जवळ सरकली आणि हळूच म्हणाली,

"एक विचारू? पिल्लं तरी खरी होती का?"

"होती की. खिडकीबाहेरच्या पन्हळीत. मोजून तीन."

"हं," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. "तेवढंच कळायला मार्ग नव्हता."