तिसरा फिंजान

"उस्ताद, तुम्ही गेलात की हे मेज कोणाचं?"

विचारून टाकलं एकदाचं! मयारने मान वळवून जिन्याच्या तोंडाशी घुटमळणाऱ्या बिसान आणि रहफकडे पाहिलं. विचारलंस तर आमच्याकडून पोटभर कनाफा मिठाई, कच खाल्लीस तर महिनाभर आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर, अशी पैज होती. लुवैब्दे टेकडीवरच्या वस्तीच्या पायऱ्या तीन दप्तरं घेऊन चढायच्या म्हणजे थट्टा नव्हे. पण खरं सांगायचं तर मयारला पैजेचं निमित्तच हवं होतं. दोन महिने हा प्रश्न तिच्या जिभेच्या टोकावर येऊन परत फिरत होता.

निदाल उस्ताद सहा वर्षं त्या पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर सूत्रधार होते. दर गुरुवारी शाळा-कॉलेजं सुटली की गोल मेजाभोवती खेळाडू जमायचे. कोणी लढवय्या व्हायचं, कोणी चोर, कोणी वैद्य, आणि उस्ताद त्यांच्यापुढे घाट, किल्ले, राक्षस उभे करायचे. मग फासे टाका आणि निभवा. आता उस्तादांना दोहात नोकरी लागली होती.

त्यांनी चष्मा पुसला. "तुला हवंय?"

"हवंय."

"वय काय तुझं?"

"सोळा. पण तुमच्या सगळ्या राक्षसांची नावं पाठ आहेत मला."

"राक्षस कोणीही सांभाळतं गं. खेळाडू सांभाळता आले पाहिजेत. पुढच्या गुरुवारी तू चालव. मी कोपऱ्यात बसेन, तोंड उघडणार नाही. शेवटी सांगेन, मेज तुझं की माडीला कुलूप."

मयारने आठवडाभर झोपेतसुद्धा तयारी केली. घाटातला दरोडेखोर दहमश, त्याचा काळा तंबू, त्याच्या गळ्यात विहिरीची किल्ली, आणि त्याचे चाळीस साथीदार. साथीदार म्हणून तिने आईच्या, यम्माच्या, डब्यातले चाळीस राजमे उचलले. गणिताची शिकवणी नेमकी गुरुवारी असायची. घरी कशीबशी परवानगी मिळाली. "एकच गुरुवार हं," यम्माने बोट नाचवत बजावलं होतं.

गुरुवार उजाडला. लढवय्या सुहैब, जो एरवी इंजिनिअरिंगला होता आणि खुर्चीत मावत नव्हता, आधीच फासे खुळखुळवत बसला होता. बिसान वैद्य, रहफ चोर. आणि चौथ्या खुर्चीवर एक नवीनच मुलगी. वतफा नाव, मादबाहून बसने आलेली, विद्यापीठात पहिल्या वर्षाला. तिच्या मांडीवर थर्मास होता आणि हातात वही.

"मी माझा खेळातला पेशा घरूनच लिहून आणलाय," ती म्हणाली.

"कोणता?"

"कॉफी देणारी."

सुहैबला ठसकाच लागला. "म्हणजे मी राक्षसाचं मुंडकं उडवणार आणि तू त्याला विचारणार, साखर किती?"

"आमच्या कॉफीत साखर घालणाऱ्याशी मी बोलत नाही," वतफा म्हणाली. रहफने टाळी वाजवली.

मयारने वही उघडली. चार पानं, गिचमिड पण मन लावून लिहिलेली. पहिल्याच पानावर तिचे डोळे थांबले. शत्रूच्या दारी कॉफी देणारीने फिंजान, म्हणजे कॉफीचा छोटा कप, न पिता खाली ठेवला, की त्या शत्रूला तिचं मागणं पुरं करावंच लागेल. फासा नाही, काही नाही! उस्तादांच्या जाडजूड नियमांच्या पुस्तकात असला पेशा कुठेच नव्हता. हो म्हणावं तर ही बया प्रत्येक लढाई एका फिंजानात बुडवणार. नाही म्हणावं तर बिचारी तासभराची बस करून आलीये. मयारने कोपऱ्याकडे पाहिलं. उस्ताद संत्रं सोलत होते, जणू ते या शहरातच नव्हते.

ठीक आहे. मयारने वही मिटून स्वतःपुढे ठेवली.

"तीन गोष्टी सांग. हे कुणावर चालत नाही?"

"ज्याने स्वतःच्या हाताने कॉफी ओतली नाही त्याच्यावर."

"तू कॉफी पीत बसलीस की हे तिघं काय माशा मारणार?"

"पाहुण्याबरोबर त्याची माणसंही तंबूत येतात. तिथे काय उद्योग करायचे ते त्यांचं त्यांनी बघावं."

"आणि या ताकदीची किंमत काय?"

वतफाने वहीकडे पाहिलं. "किंमत... नाही लिहिली."

"मग किंमत मी लावणार, पण तुझ्याच पानांतून, बाहेरून काही आणणार नाही. आज खेळून बघू. जमलं तर तुझा पेशा या मेजावर राहिला. नाही जमलं तर दोघी बसून दुरुस्त करू. चालेल?"

"चालेल. पण रीत पुरी पाळायची," म्हणत वतफाने पिशवीतून बिनकानाचे खरेखुरे फिंजान काढले आणि थर्मास मयारपुढे सरकवला. वेलचीचा वास माडीभर पसरला.

खेळ रंगला. चौघं घाट चढले, पहारेकऱ्यांना रहफने गंडवलं, आणि ते दहमशच्या तंबूत शिरले. मयारने आवाज जाड केला, डाव्या हाताने थर्मास धरला, उजव्या हाताने फिंजान भरून पुढे केला. "या, पाहुणे. दहमशच्या तंबूतून कोणी कोरड्या घशाने गेलं नाही."

वतफाने फिंजान घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि खाली ठेवला.

"विहिरीची किल्ली मिळेपर्यंत तुमची कॉफी मी पिणार नाही, शेख."

मेजावर चाळीस राजमे शिस्तीत उभे होते. आठवड्याची मेहनत! मयारच्या तोंडात वाक्य तयार होतं: दहमश दरोडेखोर आहे, त्याला कसली आलीये लाज? तो लाथ मारतो फिंजानाला. सुहैबने तर फासे मुठीत घेतलेही होते.

पण वतफाची बोटं अजून फिंजानाच्या कडेवर होती आणि डोळे मयारपुढच्या वहीवर. आता लाथ मारायची तर वही दारातच परत करायला हवी होती. शिवाय खोटं झालं असतं ते. मयारच्या आजोबांनी एकदा असाच खाली ठेवलेला फिंजान बघून शेजाऱ्याशी बारा वर्षांचं भांडण जागच्या जागी मिटवलं होतं, आणि आजोबा दहमशपेक्षा कितीतरी तापट होते. दरोडेखोर झाला म्हणून काय दहमश तंबूची रीत सोडून आला होता?

"पी तुझी कॉफी," दहमश, म्हणजे मयार, म्हणाली. "किल्ली तुझी."

मेजावर आरडाओरडा झाला. वतफाने फिंजान एका घोटात संपवला आणि सुहैबकडे वळली. "बघितलंस? विचारली का साखर?" बोलता बोलता तिने रिकामा फिंजान पुढे केला.

पण 'आता पुरे' म्हणून मनगटाने तो हलवायचा असतो, तसं मनगट हलवलं नाही.

मयारने ते पाहिलं. आणि दुसरा भरला. वतफा सुहैबची खेचण्यात इतकी दंग होती की दुसराही प्यायली आणि हात पुन्हा तसाच सरळ पुढे आला. मयारने तिसरा भरला. अगदी सावकाश. बिसानने रहफचा दंड घट्ट पकडला. वतफा प्यायली, आणि तिची बडबड मध्येच तुटली.

"कितवा झाला, पाहुणे?" दहमशने विचारलं.

"या अल्लाह! तिसरा."

"तिसऱ्या पानावर काय लिहिलंयस? वाच बघू."

वतफाने वही ओढली. "पहिला पाहुणचाराचा, दुसरा मौजेचा, तिसरा तलवारीचा. तिसरा जो पितो तो..." तिने कपाळावर हात मारला. "तो यजमानाच्या शत्रूशी लढतो. मी लिहिलं, आणि मीच फिंजान हलवायला विसरले! माझी आजी मला घरात घेणार नाही."

"तुझ्या ताकदीची किंमत ही," मयार म्हणाली आणि तिने चाळीसच्या चाळीस राजमे उचलून तंबूच्या बाहेर, तंबूकडे तोंड करून मांडले. "हे आता साथीदार नाहीत, सुभेदाराची फौज. दहमशला पकडायला आलीये. तंबूला वेढा पडलाय."

"थांब थांब," सुहैब उठलाच. "म्हणजे आता मी दरोडेखोराच्या बाजूने लढायचं?"

"तू कशाला? तू कुठे प्यायलास? तू मागच्या बाजूने निसटू शकतोस."

"आणि हिला एकटीला सोडू? मला काय समजलीस तू?" त्याने फासे असे आपटले की एक राजमा उडून उस्तादांच्या संत्र्यात पडला.

मग जी काही लढाई झाली! रहफने फौजेचे घोडे सोडून दिले. बिसानने दहमशचा दंड बांधता बांधता त्याला दरोडेखोरीवरून चांगलंच झापलं. वतफाने शेवटी फौजेच्या नायकालाही कॉफी पुढे केली, त्याने स्वतः ओतली नव्हती म्हणून तिची ताकद चालली नाही, आणि सगळे खदाखदा हसले, वतफा सर्वांत जास्त.

आवराआवर झाली. वतफाने पेन मागून पहिल्या पानाच्या तळाशी 'किंमत: तिसरा फिंजान' असं लिहिलं आणि वही मेजाच्या खणात ठेवली. "इथेच राहू दे. पुढच्या गुरुवारी लागेल."

उस्ताद उठले. "मी असतो तर फिंजानाला लाथ मारली असती," ते म्हणाले. "आणि ती मुलगी परत आली नसती." त्यांनी माडीची चावी मयारच्या तळहातावर ठेवली. "दर गुरुवारी. एकही चुकवायचा नाही. आधी घरी सांग."

कनाफा खाऊन, वाटेत शिकवणीच्या बाईंच्या दारावरची घंटा वाजवून मयार घरी पोचली तेव्हा बाबा नेहमीसारखे कॉफी ओतत बसले होते. त्यांनी तिच्यापुढे फिंजान केला. तिने तो घेतला आणि न पिता खाली ठेवला.

यम्मा विणकाम थांबवून बघायला लागली. "हे काय नवीन?"

बाबा गालात हसले. "कोणाची सोयरीक मागायला आलीस, असा फिंजान खाली ठेवून? बोल, काय मागणं आहे?"

मयारने क्षणभर फिंजानाकडे पाहिलं. मग तो उचलला, एका दमात प्यायली, मनगट व्यवस्थित हलवलं आणि परत दिला.

"मागणं नाही, बाबा. असं पेचात पकडायचं नाहीये तुम्हाला. गणित आता शनिवारी सकाळी आठला, बाईंशी बोलून आलेय. आणि गुरुवारी मी मेज चालवणार. दर गुरुवारी. ठरवलंय मी."