रस्त्याकडचं फाटक

सरपंच गोरक्षनं म्हाताऱ्यांसाठी बाग केली म्हणे. केलं काय? कोल्हारच्या अलीकडं, मनमाड रस्त्याला लागून आमचं गाव. गाव आणि बौद्धवस्तीच्या मधे लिंबाची झाडं आधीपासून होतीच. या शहाण्यानं त्यांच्याभोवती काटेरी तार ठोकली, विकतचं गवत अंथरलं आणि फाटक ठेवलं रस्त्याकडं. का, तर मंत्र्याची गाडी तिथं थांबणार होती.

त्याच झाडांखाली रोज संध्याकाळी त्याची आई गोजरबाई आणि वस्तीतली भागिरथी बसायच्या. दोघींचं माहेर राहात्याकडचं एकच गाव. एका डबीतली मिसरी लावायच्या, सुनांना शिव्या घालायच्या. दुसरीकडं भेटायची सोय नव्हती. भागिरथीला सरपंचाच्या ओसरीवर चढू देत नसत, आणि सरपंचाची आई वस्तीत गेली तर घराणं बुडणार. असली आमची घराणी.

तारेनं वस्तीची पायवाट बंद केली. भागिरथीला आता रस्त्यानं वळसा. कारखान्याचा हंगाम सुरू, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत सुसाट. ती एकदाच आली. लोंबत्या उसात पदर अडकला आणि गटारात पडली. तिचा लेक महेंद्र म्हणाला, "आय, पुन्हा जायचं न्हाई."

गोजरबाई हिरवळीवर एकटी बसू लागली.

"वस्तीकडनं एक फाटक ठेव की रं," ती लेकाला म्हणाली.

"त्यांची शेरडं शिरतील. तार तुमच्याच सुरक्षेसाठी हाय, आये."

"मला शेरडांचं भ्या न्हाई. त्या ट्रेलरांचं हाय."

"गावात बाया काय कमी हायेत? त्यांच्यासंगं बस."

"त्या सरपंचाच्या आईसंगं बसत्यात. माझ्यासंगं न्हाई."

उद्घाटनाला गोजरबाईला नवं लुगडं नेसवून, हातात ओवाळणीचं ताट देऊन उभं केलं. मंत्र्यासाठी पोलिसांनी ट्रॅक्टर अडवून धरले होते. म्हाताऱ्या माणसाला तो रस्ता त्या एका दिवशी सुरक्षित होता. म्हातारीनं ताट खुर्चीवर ठेवलं, फाटकातून निघाली ती सरळ वस्तीत, भागिरथीच्या ओट्यावर जाऊन बसली.

"गोजरे, येडी का खुळी तू? सगळं गाव बघतंय," भागिरथी म्हणाली.

"बघू दे. सर तिकडं, पाय दुखत्यात."

गोरक्ष पळत आला आणि वस्तीच्या तोंडाशीच थबकला. "आये, चल. मंत्री आले."

"ओवाळ तूच. आन् उद्यापासनं मला हितं सोडाय-न्याय तू येत जा. रस्त्यानं एकटीला भ्या वाटतं."

त्याच आठवड्यात तारेला वस्तीकडनं फाटक बसलं. सरपंचाला माणुसकी सुचली, असं कुणी समजू नये. आई रोज वस्तीत दिसण्यापेक्षा त्याला शेरडं परवडली.