आवाज खाली बसावा म्हणून

बापाच्या मागं लेकीनं शववाहिका हातात घेतली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. मामा मात्र म्हणाला, "चांगलं आहे की! असे प्रवासी दुसऱ्या कुठल्या गाडीला मिळतात? हळू चालव म्हणत नाहीत, जोरात चालव म्हणत नाहीत." मामाचं गॅरेज होतं आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. पण ती गाडी त्यानंच सांभाळली होती, बाबांच्या वेळेपासून.

बाबांचं आणि त्याचं एका गोष्टीवरून कधीच जुळलं नाही. डिझेल भरलं की बाबा टाकीत पेलाभर टू-स्ट्रोक ऑइल ओतायचे, जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर घालतात ते. मामा कपाळाला हात लावायचा.

"अहो भावोजी, शेळीचं औषध रेड्याला पाजताय तुम्ही."

"आवाज खाली बसतो," बाबा म्हणायचे.

"तुमच्या कानात बसतो. इंजिनाला काय त्याचं!"

बाबा हसायचे आणि झाकण घट्ट लावायचे.

बाबा गेले, त्यांना याच गाडीतून तिनंच नेलं. त्यानंतर तेलाचा डबा संपला तेव्हा तिनं मामाला विचारलं, "नवा आणू का रे?"

"हे बघ, डिझेलला स्वतःचं वंगण असतं," मामा म्हणाला. "आपल्या इंजिनाचा पंप जुना आहे, त्याला थोडाफार फायदा होत असेलही, मी नाही म्हणत नाही. पण नव्या गाडीत घातलंस तर सायलेन्सरमध्ये राख साचून बसेल. आपल्या म्हातारीला घातलं काय, न घातलं काय, सारखंच. राहू दे."

तिनं राहू दिलं.

पुढच्या काही आठवड्यांत इंजिन ठोकायला लागलं. फार नाही. सकाळी थंड इंजिन चालू केलं की, नाहीतर चढावर गाडी आली की टक, टक, टकटक. ड्रायव्हरच्या जागेच्या मागं पत्र्याची भिंत होती. भिंतीपलीकडं शवपेटी ठेवायचा कट्टा, दोन्ही बाजूंना नातेवाइकांसाठी बाकं. ठोका त्या पत्र्यात शिरायचा आणि तिच्या पाठीत उतरायचा. बोटाचं पेर दारावर मारावं तसा. सुरुवातीला दोनतीनदा तिनं मागं वळून पाहिलं, मग स्वतःवरच चिडली. या गाडीत असं वळून बघायची सवय लागली की माणूस कामातून गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग तो दिवस आला. एका म्हातारीचा नवरा गेला होता. मागं म्हातारी आणि तिचा मुलगा, दोघंच. म्हातारी रडत नव्हती, पेटीवर हात ठेवून नुसती बसली होती. गाडी पुलाच्या चढाला लागली आणि मागून किंकाळी आली.

"थांबवा! अहो थांबवा गाडी! हे वाजवतायत!"

तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि धावत मागं गेली. म्हातारीनं पेटीच्या झाकणात नखं रुतवली होती. "जिवंत आहेत हे. आतून ठोकतायत. उघड रे, उघड लवकर!"

मुलगा पांढराफटक पडला होता. "मीपण ऐकलं," तो म्हणाला. "आईशप्पथ, मीपण ऐकलं."

इंजिनाचा आवाज आहे, हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले. त्या दोघांच्या डोळ्यांत जे पेटलं होतं त्याच्यावर पाणी ओतायचा धीर तिला झाला नाही. मुलानं झाकण काढलं. म्हातारीनं नवऱ्याच्या गालाला हात लावला, नाकाशी बोटं धरली, छातीवर कान टेकला. मागं गाड्या हॉर्न देत होत्या. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली.

"आता गप्प झाले," शेवटी ती म्हणाली. "उशीर केला आपण."

पुढची वाट तिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून नेली. ठोका तरी थांबला नाही.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आई भांडी पुसत होती, ती हातातलं फडकं तसंच धरून खाली बसली.

"तुझ्या बाबांच्या गाडीतही झालं होतं असं," ती म्हणाली. "एक बाप होता, लेकीला घेऊन चाललेला. उघडायला लावलं त्यानं. त्यानंतर कितीतरी दिवस ह्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. मग कुणीतरी ते तेल सांगितलं."

"मामाला का नाही सांगितलं बाबांनी?"

"मामाला? त्यानं हसण्यावारी नेलं असतं गं. आणि हे कुणाला सांगायचं म्हणजे पुन्हा तिथं जाऊन यायचं."

तिनं मामाला सांगितलं. मामा हसला नाही. त्यानं डिझेलचे सगळे नोझल काढून तपासले, टायमिंग पाहिलं, इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट आवळले. "सगळं जागच्या जागी आहे," तो हात पुसत म्हणाला. "वय झालंय तिचं, ठोकणारच."

तिनं नवा डबा आणला आणि पेलाभर तेल टाकीत ओतलं. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, आवाज खाली बसलाय. मामानं बॉनेटवर कान ठेवून ऐकलं आणि मान हलवली. "मला तर काडीचा फरक वाटत नाही, पोरी. पण तुला बरं वाटतंय ना? मग ओत."

कोण बरोबर, हे कळायला मार्ग नव्हता. तिच्या कानांवर तिचाच भरवसा उरला नव्हता.

एका सकाळी ती म्हातारी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. स्वच्छ धुतलेलं पातळ, केस नीट विंचरलेले, जणू कुणाला भेटायला निघाली होती.

"गाडी चालू करतेस का, बाळ? मला मागं बसू दे. कुठं न्यायचं नाही."

"आजी, तो आवाज इंजिनाचा होता," आता तिनं सांगून टाकलं. "माफ करा. तेव्हा बोलायला हवं होतं मी."

"माझ्या मुलानं शोधून काढलं ते," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मला इंजिनाचाच ऐकायचाय."

तिनं म्हातारीला हात देऊन मागं बसवलं. इंजिन रात्रभर थंड पडलेलं. चावी फिरवल्याबरोबर सगळी गाडी शहारली. टक. टक. टकटक. म्हातारीनं डोळे मिटले आणि हात रिकाम्या कट्ट्यावर ठेवला.

"हळू झालाय," ती म्हणाली. "त्या दिवशी केवढ्यानं वाजवत होते! पण आहेत."

मामानं भाचीकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. तेल कामाला येतं की नाही, यावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

इंजिन तापलं तसा ठोका विरळ होत गेला. पार विरला तेव्हा म्हातारी उतरली, "येते हं," म्हणाली आणि फाटकातून निघून गेली. ती नंतर आली नाही. तिचं पुढं काय झालं, हे विचारायला हिचा जीव धजला नाही.

पण त्या सकाळपासून एक गोष्ट तिला खात होती. इतकी वर्षं ही गाडी घरात, आणि चालू गाडीत मागं ती कधी बसलीच नव्हती. बाबांच्या वेळीही ती पुढंच होती, चाकावर. एके दिवशी तिनं मामाच्या हातात चावी दिली.

"तू चालू कर. मी मागं बसते."

"कशाला नसत्या भानगडी?"

"कर म्हणते ना, मामा."

मागं अंधार होता, फिनाईलचा वास होता. तिनं पत्र्याच्या भिंतीला तळवा लावला. पुढं बसलं की ठोका मागून यायचा. आज तो पुढून आला, भिंतीपलीकडच्या ड्रायव्हरच्या जागेवरून. हलका, दमादमानं. आत कुणी आहे का, असं विचारल्यासारखा.

"मामा, भिंतीवर तू हात मारतोयस का?"

"माझे दोन्ही हात चाकावर आहेत," मामा पलीकडून म्हणाला. "मलाही वाटलं, तूच मारतेयस."

तिनं हात काढला नाही. इंजिन तापेपर्यंत ती तशीच बसून राहिली.