शेवटच्या रिळातला चहा

साहेब, तुम्ही एका बाईच्या सिनेमाचा शेवट खाल्लात. लाच खाणारे पुष्कळ पाहिले, रस्त्याची खडी खाणारे पाहिले, पण शेवट खाणारा माणूस या नाशकानं तुमच्या रूपानं पहिल्यांदा पाहिला. रस्ता रुंद झाला, तुम्हाला शाल-श्रीफळ मिळालं, पेपरात फोटो आला. आता जरा बसा आणि कुणाच्या ताटातलं उचललंत ते ऐका. तुम्हाला त्या म्हाताऱ्याचं नावही ठाऊक नसेल. त्याला तुमचं पाठ आहे.

त्याचं नाव पुंजाराम. मखमलाबादचा माळी. पहाटे सायकलीला झेंडू-शेवंतीच्या पाट्या बांधून फुलबाजार गाठायचा आणि दुपारनंतर त्याच सायकलीवरून सिनेमा वाहायचा. वाहायचा म्हणजे अक्षरशः. सन छप्पन-सत्तावनच्या सुमाराला एका सिनेमाची एकच प्रत यायची आणि ती दोन थेटरांत चालवायचे. नाशकात चंद्रिका टॉकीजला खेळ आधी सुरू व्हायचा, देवळालीच्या थेटरात उशिरा. इथली पहिली रीळं संपली की पत्र्याच्या डब्यात घालून पुंजाराम ती देवळालीला पळवायचा. परत यायचा, पुढची न्यायचा. शेवटची रीळं तिकडं टेकवली की पहिली उचलून पुन्हा नाशकात, कारण इथं पुढच्या खेळाची घंटा व्हायला आलेली असायची. बसून बघायला सवड कुठली? डबे भरेस्तोवर मशीनच्या खोलीतल्या भोकातून दिसेल तेवढा सिनेमा त्याचा. असे त्यानं शेकड्यानं सिनेमे पाहिले आणि एकही पाहिला नाही. त्याच्यापाशी सगळ्यांचं मधलंच होतं. पुरणपोळीतलं नुसतं पुरण.

त्याची बायको सरुबाई चंद्रिकेच्या दारात गजऱ्यांची पाटी घेऊन बसायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती सांगायची, शेवटचं रीळ लागलं की दारवान फकिरा तिला आत घेतो, पडद्याच्या कडेला उभं राहू देतो. म्हणजे मधलं नवऱ्याचं आणि शेवट बायकोचा. भाकरी खाता खाता दोघं सिनेमा जोडायची. सुरुवात कुणाकडंच नसायची, तिची दोघांनाही फारशी फिकीर नव्हती.

आणि सिनेमे तरी कसे! हल्लीच्या पोरांना सांगून पटायचं नाही. हिरोला नोकरी नसायची पण टोपी असायची. हिरॉइनचा बाप लखपती, तिरसट आणि आतून लोण्याचा गोळा. ती घरातून पळून जायची तीसुद्धा छत्री घेऊन. कुणी ड्रायव्हर व्हायचं, कुणी गाण्याचा मास्तर व्हायचं, एका कपाटात तिघं लपायचे आणि चौथा त्यात कोट अडकवायला यायचा. खलनायक असा, की त्याला घरी जेवायला बोलवावं. मुख्य म्हणजे त्या सिनेमांत कुणी मरत नसे. मरणाला तिथं तिकीटच मिळत नव्हतं. शेणात आणि चिखलात दिवस काढणारी ही दोन माणसं त्या खोट्या, हलक्याफुलक्या जगावर जीव टाकायची. आपण कुणी हसू नये. तुमच्या-माझ्या जगात त्यांच्यासाठी कुणी साधी खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती.

त्यातला एक सिनेमा पुंजारामच्या डोक्यात कायमचा बसला. हिरो हॉटेलमालकाचा मुलगा, पण हिरॉइनच्या पायी त्याच हॉटेलात आचारी होऊन राहिलेला. भाजी करपवतो, आमटीत साखर टाकतो, आणि ती डोळ्यांतून पाणी काढत म्हणते, "वा, काय चव आहे!" एवढं मधलं पुंजारामनं भोकातून पाहिलं होतं. पोट धरून हसला होता.

"मग पुढं काय झालं गं?" त्यानं विचारलं होतं.

सरुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "पुढं? तिला कळतं ना, ह्यो आचारी नाय म्हणून. ती रुसून बसती. मग त्यो पहाटचा उठतो, कपभर चहा करतो आन् तिच्या उशाशी नेऊन ठिवतो. म्हनतो, आता जल्मभर सकाळचा चहा मी करनार. तवा कुठं ती हसती. संपला."

"आयला! बाप्या मानूस चहा करतो?"

"सिनेमात करतो बाबा. चांगला मानूस व्हता त्यो."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुंजारामनं चूल पेटवली. चहात साखर जास्त आणि पावडर कमी. सरुबाई पिऊन म्हणाली, "वा, काय चव हाय!" त्या दिवसापासून त्यानं चहा सोडला नाही. आळीतल्या पुरुषांनी टर उडवली. "काय पुंजाराम, आज धुनं पन तूच धुनार का?" त्याची आई महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. तो मात्र म्हणायचा, "मी काय येगळं करीत नाय. सिनेमात हाय तसं करतो." पुढं एक प्रत दोन थेटरांत फिरवायची पद्धत बंद पडली, सायकल गंजली, लेक सुवर्णा सिन्नरला दिली, केस पिकले. चहा चालू राहिला.

कुंभमेळ्याच्या वर्षी, दोन हजार तीन साली, उन्हाळ्यात सरुबाईच्या काळजानं दगा दिला. दोन पावलं चालली की दम. डॉक्टरनं पुंजारामला बाजूला घेतलं. "बाबा, आता त्यांना खावंसं वाटेल ते खाऊ घाला." अशा बोलण्याचा अर्थ गरिबाला बरोबर कळतो.

"काय खाशीन?" त्यानं विचारलं.

"खायचं काय नाय. मला येक सिनेमा पुरा बघायचा हाय. खुर्चीत बसून. तुमच्या शेजारी."

जुळून आलं असं, की चंद्रिका टॉकीज तेव्हा शेवटचे दिवस मोजत होतं. कुंभाच्या गर्दीसाठी रस्ता रुंद व्हायचा होता आणि थेटर त्यात जात होतं. सोमवारी थेटर ताब्यात घेणार, अशी तुमचीच नोटीस दारावर डकवलेली होती, साहेब. मालक हौशी माणूस. जाता जाता सकाळच्या खेळाला जुने हसरे सिनेमे लावत होता, कुठून कुठून रीळं मिळवून. शेवटच्या रविवारी आचाऱ्याचा सिनेमा लागला.

पुंजारामनं रिक्षा केली. सरुबाई हिरव्या लुगड्यात, डोक्यात स्वतः ओवलेला गजरा. दारात फकिरा होता, तोच दारवान, आता तोंडाचं बोळकं झालेला.

"या या, पुंजाराम भाऊ! आज रीळं नाय, डायरेक वयनीच आणल्या!"

"तिकीट फाड, गप."

"तुमचं तिकीट फाडू? थेटर फाडाया निघालेत, तुमचं कशाला फाडू? आन् वयनी, तुमी तर आज पयल्यांदाच आत पाय टाकताय!"

पुंजाराम हसला. "पयल्यांदा कशी? रोज शेवटाला तूच तर तिला आत घ्यायचा."

"मी? नाव काढू नको! म्हाताऱ्या मालकाची सक्त ताकीद व्हती, फुलवाली उंबऱ्याच्या आत दिसली तर नोकरी गेली. ह्या बिचाऱ्या भाईर बसून मान्सं हसताना ऐकायच्या. कदी कदी माज्यावानीच हसायच्या, कारण ठावं नसताना."

पुंजारामनं बायकोकडं पाहिलं. ती भिंतीवरच्या फोटोकडं पाहत होती. फार मन लावून पाहत होती.

खुर्चीत बसल्यावर त्यानं हळूच विचारलं, "सरू, मग ते सगळे शेवट?"

"सिनेमा सुरू व्हतोय."

"आन् चहा?"

"गप बसा की. मला बी बघायचं हाय, माजं त्याच्या आसपास तरी हाय का ते."

पुंजारामला राग यायला हवा होता. सबंध जन्म तो बायकोनं रचलेल्या शेवटावर चहा उकळत होता. पण त्याला आठवलं, एका सिनेमाच्या शेवटी हिरोनं दारूची बाटली फोडली होती आणि त्यानं ती सोडली. एकात सासू सुनेला माहेरी पाठवते, आणि त्यानं आईशी भांडून हिला पाठवलं होतं. एकात पोरगी झाली म्हणून हिरो पेढे वाटतो. सुवर्णाच्या वेळी त्यानं आळीभर पेढे वाटले होते. तोंडानं मागितलं असतं तर यातलं एकही त्यानं दिलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अंधारात तो खुदकन हसला. सरुबाईनं कोपरानं ढोसलं.

मग दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमाची सुरुवात पाहिली. हिरॉइन सायकलवरून येते आणि सरळ हिरोच्या फळांच्या पाटीत घुसते. सरुबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "आगं बया, सुरुवात बी इतकी ग्वाड असती व्हय?" मग आचारी आला, करपलेली भाजी आली. पुंजाराम आधीच सांगायला लागला, "आता बघ, आता ती म्हननार," आणि दोघांनी पडद्याबरोबरच म्हटलं, "वा, काय चव आहे!" पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली.

मध्यंतर झालं. दिवे लागले. आणि तुम्ही आलात.

सोमवार लिहिला होतात, रविवारी आलात. सोमवारी मंत्री पाहणीला येणार होते, त्यांना रस्ता कामाला लागलेला दिसायला हवा होता. मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, निम्मा खेळ राहिलाय, तेवढा होऊ द्या." फकिरानं तुमचे पाय धरले. तुम्ही घड्याळ पाहिलंत. म्हणालात, "सिनेमा काय, घरी टीव्हीवर बघा." तुमच्या माणसांनी लोकांना उठवलं. सरुबाईला लवकर उठता येईना, तर एक हवालदार म्हणाला, "आजी, चला, नाटकं नकोत." रीळ मशीनवर तसंच राहिलं. दाराला सील लागलं, लाखेचं.

बाहेर उन्हात सरुबाई पायरीवर टेकली. जिथं तिची पाटी असायची, बरोबर तिथंच.

त्यानंतर ती उठली नाही. सुवर्णा सिन्नरहून आली, तिनं मेन रोडवरची सीडीची दुकानं पालथी घातली. त्या काळचे नावाजलेले सिनेमे सगळे मिळाले. हा साधासुधा होता, त्याची सीडी कुणी काढलीच नव्हती. पुंजाराम सकाळी चहा करायचा, सरुबाई ओठ ओले करायची.

"आवं," एकदा ती म्हणाली, "जल्मभर मी शेवट सांगितले. ह्यो येक तुमी सांगा."

पुंजाराम उशाशी बसला. "मग ती रुसती," तो म्हणाला. "मग त्यो चहा करतो..."

"ते माजं हाय. तुमचं सांगा."

त्यानं खूप डोकं खाजवलं. हे रीळ आठवलं, ते आठवलं, कपाट, टोपी, छत्री. सगळं मधलंच. शेवट त्याच्यापाशी नव्हताच कधी. "मग..." तो म्हणाला, "मग त्यो येतो... आन्..."

"आन्?"

"मला नाय येत गं, सरू."

"आसू द्या," ती म्हणाली. "इचार करून उद्या सांगा."

त्या उद्याच्या पहाटे तो चहा घेऊन गेला तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. कप तिच्या उशाशी तसाच राहिला. साय धरेपर्यंत.

दिवस-कार्य उरकल्यावर तो तुमच्या कचेरीत आला, साहेब. थेटर अजून उभं होतं, सील तसंच होतं. तुम्ही विचारलंत, "तुमचं काय नुकसान झालं? भरपाई पाहिजे?" तो म्हणाला, "भरपाई नको. आत डबे हायेत. शेवटचं रीळ तेवढं बघू द्या." शिपाई फिदीफिदी हसला. तुम्हीही हसलात. म्हणालात, "बाबा, सगळ्या सिनेमांचा शेवट सारखाच असतो. लग्न होतं. जा घरी." दुसऱ्याच आठवड्यात बुलडोझर आला आणि डबे राडारोड्याबरोबर ट्रकात गेले. कुठल्या खड्ड्यात टाकलेत तेही कुणाला माहीत नाही.

तो आजही पहाटे उठतो, दोन कप चहा करतो, एक उशाशी ठेवतो. पितो कोण? कुणी नाही. पण तो अडून बसलाय. बायकोनं तो चहा मनानं रचला, की बाहेर बसून, नुसत्या हसण्यावरून, तिनं सिनेमाचा खरा शेवट बरोबर ओळखला होता, एवढंच त्याला कळायला हवंय. दर सोमवारी तो तुमच्या दाराशी उभा राहतो आणि तुम्ही मागच्या दारानं जाता.

तुम्ही तर म्हणालात, सगळे शेवट सारखेच असतात. मग सांगा ना, साहेब. त्या शेवटच्या रिळात चहा होता की नव्हता?