बारा ते दोनचा पहारा

“काय वं चतुरा, कुठवर आलं तुह्यं जहाज?”

तुरीच्या शेंगांची पाटी ओसरीच्या पायरीवर टेकवत शेजारच्या गोमतीबाईने विचारलं. चतुराबाई बंगईवर डोळे मिटून बसली होती. पायांत पांढरेशुभ्र कापडी बूट, डोक्यावर पदर, आणि बंगई आपली संथ झुलत होती. पोरीने फोनवर सांगितलं होतं की जहाज हालतं, सवय नसली की मळमळतं. तेव्हापासून दुपारची भाकर खाल्ली की चतुराबाई तासभर बंगईवर बसून सवय करायची. बूटही सवयीसाठीच. त्रेसष्ट वर्षांत त्या पायांना चपलेपलीकडे काही ठाऊक नव्हतं.

“आत्ताच सुटलं,” चतुराबाई डोळे न उघडता म्हणाली. “तू बसू नको त्याच्यावर, बुडन.”

गोमतीबाई पोटभर हसली. मग तिने पाटीतल्या शेंगा बाजूला करून एक नारळ काढला आणि लांबूनच, हात ताणून, ओसरीच्या काठावर ठेवला. माह्या नावानं समुद्रात सोडजो, म्हणाली. चतुराबाईपाशी आता असे बरेच निरोप जमले होते. कोणाची हळदीकुंकवाची पुडी, कोणाचं सव्वा रुपयाचं नाणं. तिने स्वतः एक रिकामी बाटली घासूनपुसून पिशवीत ठेवली होती. येताना समुद्राचं पाणी आणायचं आणि दत्ताच्या पादुकांवर घालायचं. सगळ्या नद्या ज्याला जाऊन मिळतात, त्याच्या एका बाटलीत सगळी तीर्थं आली, असा तिचा हिशेब होता.

मुंबईहून गोव्याला जाऊन येणारं जहाज. वर्षाराणीने, तिच्या एकुलत्या एका पोरीने, दोघींची तिकिटं काढली होती. वर्षाराणी ठाण्याच्या एका दवाखान्यात नर्स. कोरोनाची दोन्ही वर्षं तिने त्या निळ्या पोशाखात, घामाने निथळत काढली. दिवाळीतही आली नाही. आली ती एकदम फोनवर, आणि म्हणाली, “आई, दोन साल झाले, मी लोकायले शेवटचं पाहून राह्यलो. आता मले तुले समुद्र पाह्यताना पाह्यचं आहे.” त्यावर चतुराबाईला नाही म्हणता आलं नाही. खरं तर तिला नाही म्हणायचंच नव्हतं.

पण त्या जहाजावर चढणं म्हणजे शंभर अटी. लसीच्या दोन्ही सुया झाल्याचा कागद पाहिजे. तो तिने मानोऱ्याहून प्लास्टिकमध्ये घालून आणला होता आणि देवघरात, आरतीच्या पुस्तकाखाली ठेवला होता. जहाज रविवारी दुपारी चारला सुटणार, म्हणून शुक्रवारी कारंज्याला जाऊन नाकातली तपासणी करायची, आणि ती चांगली निघाली तर रात्रीच्या गाडीने मुंबई. शिवाय त्याआधी आठ दिवस घर सोडायचं नाही, कोणाच्या जवळ जायचं नाही, हे वर्षाराणीचं फर्मान. “सप्त्यात बी नाही,” तिने मुद्दाम सांगितलं होतं. आई कुठे घसरेल, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं.

कारण नेमका तोच दत्तजयंतीचा सप्ता होता. आणि दत्ताचं मंदिर चतुराबाईच्या ओसरीच्या समोर, रस्त्यापलीकडे.

चतुराबाईला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. तिचं माहेर रिसोडकडचं. ती आठ-नऊ वर्षांची असताना गावात एक बुवा आले होते. हनुमंताचं समुद्रउड्डाण लावलं होतं त्यांनी. खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी धरून बुवांनी असं काही हलवलं, की कंदिलाच्या उजेडात लाटाच उठल्या. पुढे बसलेल्या पोरांनी पाय ओले होतील म्हणून वर ओढून घेतले. चतुरानेही घेतले. दुसऱ्या दिवशी बुवा त्यांच्याच घरी जेवायला होते. वाढता वाढता तिने भीतभीत विचारलं, “बुवा, समुद्र केवढा असते?” बुवांनी घास खाली ठेवला. म्हणाले, “पोरी, म्या कोठी पाह्यला? माह्या गुरूनं सांगतला तसा मी सांगतो. तू पाह्यला का मले सांगजो.”

एवढा मोठा कीर्तनकार, आणि मान खाली घालून खरं बोलला. चतुराबाईला समुद्रापेक्षाही ते जास्त लक्षात राहिलं.

पुढे लग्न होऊन ती इंझोरीत आली. नवरा माणिकराव भला माणूस, पण प्रवासाच्या नावाने शंख. समुद्राचा विषय काढला की म्हणायचा, “अडाण धरन भरलं का दाखवतो तुले. तेवढंच असते, फक्त खारं.” त्याचा सगळा जीव सप्त्यात. सप्त्याची वीणा एकदा गळ्यात घेतली की सात दिवस तिने जमिनीला टेकायचं नाही. खुंटीला नाही, भिंतीला नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावायचे, एका विणेकऱ्याने दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं, आणि नाम थांबू द्यायचं नाही. माणिकरावचा पहारा दुपारी बारा ते दोन. सगळ्यात अवघड. गाव शेतात, मंदिर रिकामं, डोळ्यांवर झापड. त्याने तो सत्तावीस वर्षं केला. आणि सत्तावीस वर्षं चतुराबाई पावणेदोनला गुळाचा चहा घेऊन मंदिराच्या खांबाशी उभी राहिली. मंदिरात दारासमोरच्या भिंतीवर पहाऱ्यांचा काळा फळा होता, त्यावर ‘१२ ते २ माणिकराव’ असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. तो जाऊन पाच वर्षं झाली तरी ते नाव कोणी पुसलं नाही. त्याचा दोस्त जानराव त्या वेळेला उभा राहायचा. फळा बदलू का, असं कोणी विचारलं की म्हणायचा, “राहू द्या. मी त्याच्याच नावानं उभा राह्यतो.”

यंदा सप्त्याला ना मंडप होता, ना पंगत. परवानगी मोजक्या माणसांचीच. कीर्तन झालं तर मोबाईलवर, बाकी नुसती वीणा आणि नाम. चतुराबाई रोज ओसरीतूनच हात जोडायची. तिला वाटायचं, देव रस्त्यापलीकडे आहे आणि आपण बूट घालून झुलत बसलो आहोत. मग बुवांचं उपरणं आठवायचं आणि ती पुन्हा पायाने बंगईला झोका द्यायची.

बुधवार होता. नारळ ठेवून गोमतीबाई शेताकडे गेली. कापूस वेचायला माणूस मिळत नव्हतं, म्हणून गाव झाडून रानात. चतुराबाई झुलत होती, आणि पलीकडून वीणा ऐकू येत होती. एकाएकी तिने पाय टेकून बंगई थांबवली. वीणेची तार चुकत होती. दोनदा वाजे, मग गप्प. नाम तर ऐकूच येत नव्हतं. सत्तावीस वर्षं तोच आवाज ऐकलेल्या कानाला घड्याळ लागत नाही. बारा नुकते वाजून गेलेले, हा थकण्याचा वेळ नाही, हे तिला कळलं.

ती पायरीवर उभी राहिली. जायचं नाही, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तार वाजलीच नाही, तेव्हा ती बूट काढून रस्ता ओलांडून गेली.

जानराव खांबाला पाठ लावून उभा होता. अंग थरथरत होतं, तोंडावरचा रुमाल गळ्यात आलेला, डोळे लाल. दोन्ही हातांनी त्याने वीणा छातीशी धरली होती, पोर धरावं तशी.

“भाऊजी, ताप आहे तुमाले.”

“सकायपासून आहे. कोनाले तरी बलावा, वैनी. पाय धरून नाही राह्यले.”

चतुराबाई बाहेर आली. रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं. तिने चार दारं हाकारली. एका घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी, दुसऱ्यात पाळण्यातलं पोर. बाकीच्या दारांना कड्या. दोन वाजता येणाऱ्या विणेकऱ्याच्या घरी तर आदल्या दिवसापासूनच ताप, तो येणारच नव्हता. ती परत आली तेव्हा जानराव खांबावरून अर्धा खाली घसरला होता. वीणेचा भोपळा फरशीपासून वीतभर उरला होता.

“मले द्या,” ती म्हणाली.

जानरावने वर पाहिलं. या मंदिरात बाईच्या गळ्यात वीणा कधी पडली नव्हती. कोणी मनाई केली होती असंही नाही. कोणी मागितलीच नव्हती.

“वैनी, तुमाले रविवारी जहाजावर जायचं आहे नं. अन् मले ताप आहे.”

“मालूम आहे मले. द्या.”

तिने पदर कपाळापर्यंत ओढला आणि मान वाकवली. वीणा गळ्यात घालताना त्याचा तापलेला श्वास तिच्या तोंडावर आला. मागे सरायला जागा नव्हती, आणि तो पाया पडायला वाकला तेव्हा पडू नये म्हणून तिने त्याचा दंडही धरला. मग तिने त्याच्या पायांना हात लावला. रीत ती रीत. जानराव भिंत धरत घराकडे गेला, आणि मंदिरात चतुराबाई एकटी राहिली.

पहिल्यांदा बोट चुकलं. मग सापडलं. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. वीणा वाटली होती त्याहून जड होती, आणि दांडीवर जिथे हात धरायचा तिथलं लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. तिथे कोणाचा अंगठा झिजला असेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन वाजले. तीन वाजले. तिला तहान लागली, आणि वाटलं की आत्ता कोणीतरी खांबाशी गुळाचा चहा घेऊन उभं असावं. तिने एकदा वळूनही पाहिलं.

पाच वाजता रूपला, चारच्या पहाऱ्याचा वयस्कर विणेकरी, उशिराने रानातून आला. कापसाचं गाठोडं बाहेर टाकून आत शिरला आणि दारातच थबकला. हातपाय धुऊन आला, मान वाकवली, वीणा घेतली, आणि आपल्या वयाचा विचार न करता वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

गुरुवारी दुपारी जानरावची तपासणी झाली. कोरोनाच निघाला. त्याला वाशिमला नेलं. संध्याकाळी चतुराबाईकडून सगळं ऐकून गोमतीबाई रस्त्यावर उभी राहून, आवाज दाबून म्हणाली, “कोन पाह्यलं तुले? रूपला आन् जानराव. ते काही सांगत नाहीत. तुले तं खोकला बी नाही. जाय चुपचाप, समुद्र पाहून ये.” रात्रभर हा विचार चतुराबाईच्या डोक्यात होता असं नाही. तो दिवेलागणीपर्यंतच होता, कारण दिवेलागणीला वर्षाराणीचा फोन आला. जहाजाचा एक फॉर्म भरायचा राहिला होता. ती वाचत होती आणि स्वतःच उत्तरं भरत होती.

“ताप? नाही. खोकला? नाही. मागच्या चौदा दिवसांत पेशंटच्या जवळ गेल्या होत्या का? नाही लिहितो.”

“हो लिही.”

चतुराबाईने सगळं सांगितलं. चार वाक्यांत झालं.

“काहून गेली होती, आई?” वर्षाराणी म्हणाली. “मी सांगतलं होतं नं तुले. एक आठवडा फक्त.”

“तार थांबली होती, बाई.”

“थांबू द्यायची. देव काही रागावत नाही.”

“नाही रागावत. पन वीना खाली ठेवता येत नाही.”

ज्या पोरीने दोन वर्षं रात्री-अपरात्री आपली पाळी संपल्यावरही रोग्याचा हात सोडला नव्हता, तिला आणखी काय समजावून सांगायचं? शेवटी तिनेच विचारलं, “किती वेळ उभी होती?”

“बारा ते पाच.”

“बाबाच्या पहाऱ्यात?”

“सुरू तं त्याच्यातच झालं.”

“हो लिहिलं मी,” वर्षाराणी म्हणाली. मग नर्सच्या आवाजात तिने आईला घराबाहेर न पडण्याची, ताप मोजण्याची, पाणी पिण्याची ताकीद दिली. फोन ठेवताना ती रडत होती, हे दोघींनी एकमेकींना कळू दिलं नाही.

जहाजवाल्यांनी तारीख पुढची देऊ म्हटलं. पुढे महामारीची आणखी एक लाट आली आणि ती जहाजंच बंद झाली, पण ते नंतरचं.

चतुराबाईने पिशवी उपसली. भाकरीचं फडकं, शेंगदाण्याची चटणी, सहा मास्क, रिकामी बाटली. गोमतीबाईचा नारळ तिने ओसरीच्या काठावर ठेवला आणि घेऊन जा म्हणून हाक मारली.

“ठेव तुह्यापाशीच,” गोमतीबाई रस्त्यावरून म्हणाली. “समुद्र कोठी पयून चालला?”

रविवारी काला होता. यंदा दहीहंडी छोटी, लाह्या मोजक्या. वाशिमहून निरोप आला होता की जानरावचा ताप उतरला. चतुराबाईला अजून काही झालं नव्हतं, पण दिवस भरले नव्हते म्हणून ती ओसरीतच होती. सात दिवस न टेकलेली वीणा घेऊन पाचसहा माणसं मंदिराला फेरी घालायला निघाली. दरवर्षी फेरी मंदिराभोवतीच फिरून आत जायची. यंदा रूपला रस्त्याच्या कडेपर्यंत आला आणि तिच्या दारासमोर वीणा घेऊन थांबला. तो तिकडे, ती इकडे. तिने पदर सावरून हात जोडले. नाम चालू होतं.

मंडळी आत गेली. रूपलाने वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, खडू घेतला आणि काळ्या फळ्याशी गेला. माणिकरावचं नाव त्याने पुसलं नाही. त्याच्या खाली काहीतरी लिहिलं. एवढ्या लांबून, चष्म्याशिवाय, चतुराबाईला ते वाचता आलं नाही. काळ्यावर एक पांढरी रेघ तेवढी दिसली.

घड्याळात चार वाजले. जहाज सुटायची वेळ. तिने कोपऱ्यातले पांढरे बूट ओढून पायांत घातले, बंगईवर नीट बसली, आणि पायाने हळूच झोका दिला.