गप्प जळणारी वात

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. हल्ली माझ्या अंगावर चकचकीत काळा रंग आहे, पण त्या रंगावर जाऊ नका. तो खरवडलात तर खाली चाळीस वर्षांची काजळी सापडेल आणि माझी सगळी हकिगत त्या काजळीतच आहे.

सावनेरच्या एका लोहारानं मला घडवलं. पत्रा तापवून, ठोकून ठोकून खोलगट केला, दोन बाजूंना दोन कान बसवले आणि आठवडी बाजारात मांडलं. जवळच्या खापा गावची देवकी तेव्हा नवी नवरी होती. तिनं माझ्यावर बोटानं टिचकी मारली, डोकं वाकवून आवाज ऐकला आणि मगच मला घेतलं. वस्तू वाजवून घेतली की फसवत नाही, असं ती म्हणायची.

माझ्या नशिबी भजी नव्हती की पुऱ्या नव्हत्या. माझ्यात फक्त केसांचं तेल उकळायचं, दुसरं काही शिजवायचं नाही, हा देवकीच्या सासूचा दंडक होता. कन्हान नदीच्या काठावरून देवकी माका आणि ब्राह्मी खुडून आणायची, आस्कंदाच्या मुळ्या कुटायची आणि सगळा लगदा तिळाच्या तेलात घालून मला चुलीवर चढवायची. आच मंद. घाई केली की माझ्या बुडाशी पाला करपायचा आणि मग तिची बोलणी मलाच बसायची, जशी काही चूल मीच पेटवली होती.

खरी कसोटी शेवटी असे. देवकी कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची आणि कान देऊन ऐकायची. वात चरचरली तर तेलात पाणी शिल्लक आहे, अजून उकळू द्यायचं. वात गप्प जळली की तेल झालं. म्हणूनच त्या घरात एक रीत पडली होती. कढई चुलीवर असली की कुणी बोलायचं नाही. मुलगा दुर्गेश शाळेतून यायचा तोही चपला हातात घेऊन. देवकीला कुणी हाक मारली तरी ती ओ देत नसे आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. मोहल्ल्यातल्या बाया बाटल्या घेऊन ओट्यावर मुकाट बसायच्या. तेलाचं नाव निघालं की देवकीचं नाव निघायचं आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

पुढे दुर्गेशला कोराडीला नोकरी लागली, लग्न झालं आणि सून आली. तिचं नाव रितिका. पहिल्या बाळंतपणानंतर रितिकाचे केस मुठीमुठीनं गळायला लागले. कंगवा हातात घेतला की पोरीच्या डोळ्यांत पाणी. देवकीनं तिला खाप्याला आणलं आणि तीन महिने रोज तिच्या डोक्याला तेल लावलं. केस आले. ते तेलानं आले, बोटांनी आले की नुसत्या दिवसांनी आले, हे मला लोखंडाला काय कळणार! पण रितिकाला तेल पटलं आणि तिनं शहरात, धरमपेठेत, त्याचं एक छोटं, देखणं दुकान काढलं. तेल मात्र खाप्यालाच, माझ्यातच उकळायचं.

तिथं आस्कंदाची अश्वगंधा झाली आणि अश्वगंधेची आणखी पुढे जाऊन अडॅप्टोजेन झाली. बाटलीवरचा तो शब्द देवकीनं अक्षर अक्षर लावून वाचला आणि हे काय म्हणून विचारलं. ताण सोसायला शरीराला मदत करणारी झाडं, असं रितिकानं सांगितलं. देवकी हसली. "झाडाले सोसता येते हे मले ठाऊक आहे वं. माणसाले शिकवते का नाही, ते पाह्यलं पाहिजे."

ती हे सहज म्हणाली होती. पण त्याच सुमारास तिचं स्वतःचं सोसणं सुरू झालं होतं आणि ते घरात फक्त मला ठाऊक होतं. मोरीत हंडा पडला तरी तिची मान वळेना. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देई आणि ही माका निवडत बसे. देवकीला ऐकू येईनासं झालं होतं. आणि बघा कसं, घरच्या रीतीनंच ते झाकलं. हाकेला उत्तर नाही आलं की सगळे समजायचे, कढई चुलीवर आहे. रितिकाला तर ते मौन फार आवडलं. तिनं दुकानात पाटीच लावली, 'मौनात घडलेलं तेल'.

देवकीनं कुणाला सांगितलं नाही. वास घेऊन, फेस पाहून ती तेल ओळखायला लागली. वात पेटवली की ती वातीकडे बघायचीच नाही, आसपासच्या माणसांच्या तोंडाकडे बघायची. वात चरचरली की बायांच्या भुवया जरा हलतात, गप्प जळली की चेहरे सैल पडतात. त्यावर तिनं दोन वर्षं काढली. मला तिचं कौतुक वाटायचं आणि भीतीही.

मग त्या वर्षी दिवाळीची मोठी मागणी आली. पाला ओला होता आणि मी काठोकाठ भरले होते. रितिका फोन घेऊन समोर उभी, व्हिडिओ काढत होती. देवकीनं वात पेटवली. वात चरचर चरचर वाजली. देवकीनं समोर पाहिलं. रितिका छान हसत होती, कारण चित्र छान आलं होतं; चरचरीकडे तिचं लक्षच नव्हतं.

"झालं," देवकी म्हणाली आणि तिनं मला खाली उतरवलं.

मित्रांनो, मला कान आहेत, पण तोंड नाही. असतं तर त्या दिवशी मी ओरडले असते.

तीन आठवड्यांत बाटल्यांना आंबूस वास सुटला, तळाशी पांढरी तार धरली. गिऱ्हाइकांनी नको नको ते लिहिलं. रितिका रडवेली होऊन खाप्याला आली. "आई, तुम्ही घाई केली ना? मले सांगायचं तरी, मी थांबली असती." देवकी तिच्या ओठांकडे बघत होती. तिला किती समजलं कोण जाणे. पण काय झालं असेल ते तिनं ओळखलं होतं. चूक माझीच, एवढंच ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

त्यानंतर दुकानात तेल डब्यांतून यायला लागलं, दूरच्या कुठल्या कारखान्यातून. खाप्याची चूल थंड पडली. मला धरमपेठेला आणलं, रंग दिला, पोटात प्लास्टिकची ब्राह्मी भरली आणि काचेत मांडलं. माझ्या शेजारच्या पडद्यावर तोच व्हिडिओ दिवसभर चाले, त्याला बासरी लावलेली. लोक माझ्यासोबत फोटो काढत. एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं आणि एवढं रिकामंही मला कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी रितिका नवा व्हिडिओ करायला बसली. जुन्यावरची बासरी तिनं काढून टाकली. दुकानात चरचर ऐकू आली. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा चरचर. तिसऱ्यांदा तिनं वात सोडून सासूचे डोळे पाहिले. ते वातीवर नव्हते. ते सरळ तिच्यावर होते. रितिकानं मला काचेतून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन खाप्याला आली. देवकी पाठमोरी बसली होती. "आई," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. शेवटी तिनं पुढे जाऊन मला थंड चुलीवर ठेवलं आणि काहीतरी बोलू लागली. देवकीनं मला पाहिलं, सुनेचे हलणारे ओठ पाहिले आणि सवयीनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. कढई चुलीवर आहे, बोलाचं नाही.

रितिकानं ते बोट धरून खाली घेतलं आणि अगदी सावकाश विचारलं, "आई, तुमाले ऐकू येत नाही ना? काहून नाही सांगितलं?"

देवकीनं माझ्या रंगावरून हात फिरवला.

"सांगतलं असतं तं काम गेलं असतं," ती म्हणाली. "नाही सांगतलं, तरी गेलंच."

आता देवकीच्या कानात यंत्र आहे. माणसांचं बोलणं थोडं थोडं येतं, वातीचं येत नाही. मीही तेलाच्या कामाची राहिले नाही, कारण या रंगाचा वास तेलाला लागतो. आम्ही दोघी खाप्याच्या ओट्यावर असतो.

मित्रांनो, मला घासा, पुसा, जपा, असं मागणं एखाद्या कढईनं मागावं. मी ते मागत नाही. तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर ते रुसलंय किंवा त्याला शांतता आवडते असं ठरवून पुढे जाऊ नका. तुमचं तोंड दिसेल असं समोर बसा आणि विचारा. त्याच्या हातातलं काम काढून घेण्याआधी विचारा.