तेलातला शनी

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. साल अठ्ठावन्न. सात-आठ टॅक्स्या बॉनेट उघडून उभ्या, प्रत्येक इंजिनाला हळदकुंकू, आणि मधोमध चौरंगावर तेलोबा महाराज.

"काळं तेल म्हणजे गाडीचं पाप!" महाराज गरजले. "शनी इंजिनात शिरला की तेल काळं पडतं. आमच्या तीर्थाचा एक पेला ओता, पापाचं सोनं होतं!"

पुरावाही तयार होता. सकाळी एका डिझेल टॅक्सीतलं डांबरासारखं तेल काचेच्या बरणीत काढून त्यात तीर्थ ढवळलं होतं. मग बरणी कढत पाण्याच्या घंगाळात ठेवून भोवती झेंडूच्या माळा रचल्या होत्या. संध्याकाळच्या आरतीनंतर महाराजांनी वरून पळीभर तेल काढून दिव्यासमोर धरलं. अगदी मधासारखं नितळ!

"सोनं झालंच पाहिजे!" एक चेला ओरडला. "झालंच पाहिजे!" म्हणून गर्दीने वाडी दणाणून सोडली. आदल्याच आठवड्यात हीच मंडळी शिवाजी पार्कच्या सभेत सरकारला जाब विचारून घसे बसवून आली होती. त्यांच्यातल्या एकालाही, बरणीला फुलं कशाला, असं विचारावंसं वाटलं नाही. मी, नाक्यावरच्या गॅरेजातला राजाराम मिस्त्री, मागे उभा राहून मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होतो.

भिवा परब पुढे झाला. मालवणकडचा माणूस. गिरणी सोडून त्याने जुनी परदेशी गाडी घेतली होती, तिच्यात डिझेल इंजिन बसवून टॅक्सी चालवत होता. घर त्या एका इंजिनावर चालायचं, आणि चार घरची धुणी करणाऱ्या शेवंतीवर, त्याच्या बायकोवर.

"म्हाराज, तीर्थ घालून आठ दिवस झाले. पण आता इंजिन ठोकता."

"शनी निघताना दार वाजवतोच! दुसरा पेला ओत."

चेल्याने भिवाला पेला दिला आणि उरलेलं तीर्थ शेजारी उभ्या शेवंतीच्या तळहातावर ओतलं. ती चरकली. धुण्याने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

"अगो बाई, झोंबतंय!" तिने दोन बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "हा तर धुण्याचा सोडा! रोज कोपरापर्यंत हात घालते मी त्यात. मला नका शिकवू."

मग मात्र मला राहवलं नाही. मी गर्दीतून घुसलो आणि बरणीभोवतीच्या माळा ओढून काढल्या. तळाशी चार बोटं काळाकुट्ट चिखल होता.

"बघा, पाप तळाला बसलं!" महाराज तेवढ्यात म्हणाले. पाच-सहा जणांनी पुन्हा हात जोडले. धन्य आहे!

"ही काजळी आहे," मी म्हणालो. "काळाचौकीला एका शेडमध्ये जुनं तेल असंच सोडा घालून तापवतात. काजळीच्या गुठळ्या होऊन खाली बसतात. वरचं तेल काढून घेतात, गाळ फेकून देतात. इंजिनात बसलेला गाळ कोण फेकणार? तुमचे महाराज?"

मी तिथेच भिवाच्या गाडीचा फिल्टर उघडला. पंप तेल उचलतो आणि या डब्यातल्या गाळणीतून बेअरिंगांकडे ढकलतो. कचरा गाळणीत अडकतो. डिझेलची काजळी मात्र इतकी बारीक, की तेलाबरोबर पार होऊन फिरत राहते. म्हणून नवं तेलही दोन दिवसांत काळं पडतं. ते काजळी अंगावर वागवतंय, म्हणजे आपलं काम करतंय. सोड्याने तिच्या गुठळ्या झाल्या आणि गाळणी लिंपली गेली. अशा वेळी इंजिन कोरडं पडू नये म्हणून डब्यातली एक स्प्रिंगची झडप उघडते, आणि तेल न गाळताच आत जातं. भिवाचं तेल आठ दिवस तसंच, गुठळ्यांसकट बेअरिंगांत जात होतं.

भिवा त्या लिंपलेल्या गाळणीकडे बघत राहिला. "म्हणजे तेल काळा होता, ताच बरा होता?"

"होय."

सोमवारी इंजिन खोललं. बेअरिंगांचा मुलामा सोलून निघाला होता, क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, खोल चरे पडले होते. तसा क्रँक मुंबईभर मिळाला नाही. महाराज रविवारीच पसार झाले होते. भिवाची गाडी भंगारात गेली आणि भिवा पुन्हा गिरणीच्या दाराशी बदली कामगारांच्या रांगेत उभा राहिला.

गॅरेजात राहिलेली भिवाची हत्यारांची पेटी परत न्यायला शेवंती आली. मी महाराजांच्या नावाने बोटं मोडू लागलो. तिने मला थांबवलं.

"हे महिन्यापूर्वी तुमच्याकडे आले होते, मिस्त्री. तेल काळं का पडतं, विचारायला. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय, गाडी चालव. महाराजांनी यांना शेजारी बसवून चहा पाजला. जे त्या शनिवारी चारचौघांत सांगितलंत, ते तेव्हा का नाही सांगितलंत?"

वीस वर्षं मी तेल बदललं. ते काळं का होतं हे एकालाही समजावलं नव्हतं. मला माझ्या ज्ञानाचा माज होता.

आता गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला मी फिल्टर खोलून दाखवतो. तुम्हीही विचारा. असं का होतं, हे पुन्हा पुन्हा विचारा. उत्तराऐवजी तीर्थ देणारा महाराज भेटो, की उत्तर न देता हाकलणारा माझ्यासारखा मिस्त्री, त्याच्या हाती आपली भाकरी देऊ नका.